दगडफूल आणि पवनचक्क्या

ट्रॉन्डहाइम, नॉर्वे

ती. आबांना शि. सा. नमस्कार.

आजीनं दिलेला मसाला पुरवून पुरवून वापरतेय. परवा त्यातल्या दगडफुलाची आठवण भलत्याच ठिकाणी निघाली. खाडीपलीकडं फोसेन आहे, बोटीनं जायचं. वर्गाला पवनचक्क्या बघायला नेलं होतं. तिथं रेनडिअर खुरानं बर्फ उकरून खातात, ते दगडफुलाच्याच जातीचं. हे कळप सामी लोकांचे, म्हणजे इथल्या मूळनिवाशांचे, पिढीजात. हिवाळ्यात त्यांना वारा बर्फ उडवून नेतो असे माथेच चरायला लागतात. आणि पवनचक्कीलाही नेमका तोच वारा हवा!

१५१ चक्क्या उभ्या राहिल्या, जनावरं तिकडं फिरकेनात. सामी कोर्टात गेले. खालचं कोर्ट म्हणालं, भरपाई घ्या, हिवाळ्यात कळप कुंपणात ठेवून विकतचा चारा घाला. सुप्रीम कोर्टानं ११ ऑक्टोबर २०२१ ला ते खोडलं. अकराच्या अकरा न्यायाधीश म्हणाले, परवानेच अवैध. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या कलम २७ नं अल्पसंख्याकांना आपल्या संस्कृतीनं जगण्याचा हक्क दिलाय, तो इथं मोडला. स्वच्छ वीज हवीच, पण ती दुसरीकडंही करता आली असती.

चक्क्या मात्र फिरतच राहिल्या. ५०० दिवस उलटले तेव्हा सामी पोरंपोरी ऑस्लोत मंत्रालयात ठिय्या देऊन बसली. अंगात पारंपरिक अंगरखे, उलटे घातलेले. निषेधाची त्यांची रीत. मग सरकारनं माफी मागितली, पुढं तडजोडी झाल्या, दुसरी चराई शोधून द्यायचं ठरलं. चक्क्या आहेत तिथंच आहेत.

आबा, माथ्यावर उभी होते आणि डोळ्यापुढं आपलं वनकुसवड्याचं पठार, तिथल्या पवनचक्क्यांसकट. कोयनेचं पाणी चढलं तसं आपलं घर वर सरकलं, हे तुम्ही सांगायचात. मला वाटायचं, जमिनीला जमीन दिली की फिटलं. ती तरी कुठं पुरती मिळाली म्हणा.

मी शिकतेय पवनचक्क्याच, आणि शिकणारच. कोळशापेक्षा शंभरदा बरं. पण परवा सरांनी वाऱ्याचा नकाशा लावला, वारा जास्त तिथं लालभडक रंग. मी विचारलं, यात चराई कुठं दाखवलीय? म्हणाले, तो नकाशा वेगळा.

चक्क्या यायच्या आधी आपली गुरं पठारावर कुठवर जायची, पाणवठे कुठं होते, ते काकाला कागदावर काढायला सांगा आणि फोटो पाठवा. घाई आहे, महिनाअखेर प्रकल्प द्यायचाय.

तुमची,
सोनी