बाबा, ती कमेंट मी वाचली

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे. बाबा, परवा रात्री १ वाजून ४० मिनिटांनी एका अनोळखी मुलीच्या पोस्टखाली तुम्ही लिहिलेलं मी वाचलं. दोनच ओळी. तिचं मत तुम्हाला पटलं नाही, इथवर ठीक. पण दुसरी ओळ तिच्या मताबद्दल नव्हतीच, तिच्या चारित्र्याबद्दल होती. ती माझ्याच वयाची असेल. वर तुमचं नाव नसतं, तर हे तुम्ही लिहिलंय असं कुणी शपथेवर सांगूनही मला पटलं नसतं. खाली ४२ लाइक होते.

तुम्हाला शिकवायचा मला अधिकार नाही, कारण मीही असं लिहिलंय. गेल्या वर्षी ऑफिसात सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती, त्या रात्री एका बाईच्या फोटोखाली तिच्या दिसण्यावरून एक वाक्य टाकलं. कुणीतरी हसल्याची खूण केली आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आई. मग दर दोन मिनिटांनी फोन उघडून मोजत राहिले. सकाळी बघते तर त्या बाईचं उत्तर आलेलं : ‘आजारपणातून उठल्यावरचा फोटो आहे.’ मी माझं वाक्य काढून टाकलं. माफी मागायचं धाडस मात्र आजवर झालेलं नाही.

तेव्हापासून याबद्दल मिळेल ते वाचते आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. काही लोकांना सोपी कोडी दिली, काहींना मुद्दाम अवघड, म्हणजे त्यांचं डोकं फिरावं. मग सगळ्यांना एक लेख वाचून मत लिहायला सांगितलं. ज्यांचा मूड ठीक होता आणि ज्यांना आधीच्या कमेंट सभ्य दिसल्या, त्यांच्यापैकी सुमारे ३५ टक्के लोकांनी वाकडं लिहिलं. मूड बिघडलेला आणि वर आधीच शिवीगाळ चाललेली असेल, तर तोच आकडा ६८ टक्क्यांच्या आसपास गेला. माणसं तशीच, साधी. एका बातम्यांच्या साइटवरच्या कमेंटही त्यांनी तपासल्या, तर असलं लिखाण सकाळी सगळ्यात कमी आणि रात्री वाढलेलं. तुमची १ वाजून ४० मिनिटांची वेळ मला तेव्हाच आठवली.

मनातलं ओकून टाकलं की मोकळं वाटतं, असं तुम्ही म्हणता. मलाही तसंच वाटायचं. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं आणि मग काहींना, ज्याने अपमान केला त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. काहींना नुसतं दोन मिनिटं शांत बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग जास्त भडकला होता. बसून राहिलेले त्यामानाने निवळले होते.

हा राग फोनमुळे जन्माला आलेला नाही, हे मला कळतं. १९३२ मध्ये शास्त्रज्ञ आइन्स्टाइनने मनोविश्लेषक फ्रॉइडला पत्र लिहून हेच विचारलं होतं, की माणसाच्या मनात द्वेषाची आणि विध्वंसाची जी ओढ आहे तिच्यापासून त्याला वाचवता येईल का. फ्रॉइड तेव्हा ७६ वर्षांचा, तुमच्याहून दोनच वर्षांनी मोठा. त्याने खोटा दिलासा दिला नाही, ही ओढ मुळातून उपटता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं. पण माणसामाणसांत जिव्हाळा निर्माण करणारं जे जे आहे, ते ते तिच्या विरुद्ध काम करतं, असंही लिहिलं. या उत्तराने मला फार धीर दिला.

ते खरंही होताना दिसतं. अमेरिकेतली मेगन फेल्प्स-रोपर पाच वर्षांची असल्यापासून घरच्या कट्टर चर्चच्या निदर्शनांत उभी राहायची. हे लोक सैनिकांच्या अंत्यविधीबाहेरही द्वेषाचे फलक धरत. मोठेपणी ती चर्चच्या वतीने ट्विटरवर भांडायची. तिथे शिव्या देणारे पुष्कळ भेटले, पण काही जण न चिडता प्रश्न विचारत राहिले. त्यातून तिला आपल्या शिकवणीतली विसंगती दिसायला लागली आणि २०१२ मध्ये ती बाहेर पडली. शिव्यांनी तिला कधीच हलवलं नव्हतं.

बाबा, तुमच्या नोकरीतली एक गोष्ट मी विसरलेले नाही. साहेबांवर भडकून तुम्ही रात्री चार-चार पानी पत्रं लिहायचात. मग ते पत्र टेबलावर पेपरवेटखाली ठेवून झोपायला जायचात. शाळेत जाताना मी बघायचे, तुम्ही लाल पेनने त्यातल्या ओळी खोडत बसलेले असायचात. चार पानांचं एक पान व्हायचं, कधी पत्र जायचंच नाही. फोनवर पेपरवेट ठेवता येत नाही. पण लिहिलेलं सकाळपर्यंत तसंच राहू देता येतं, मी आता तेच करते.

ती कमेंट आज सकाळपर्यंत तिथेच होती. त्या मुलीने काही उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काढून टाकलीत आणि तिला दोन शब्द लिहिलेत, तर मीही त्या बाईला लिहीन. माझं वर्षभर राहिलंय.

रविवारी फोन करते. आई, हे पत्र तू वाचून दाखवू नकोस. त्यांचा चष्मा तेवढा त्यांच्या हातात दे.

तुमची,
धाकटी