पॉलिश करण्याआधी

महोदय,

ठाण्यात जुने ग्रामोफोन घासूनपुसून, नवा पितळी कर्णा बसवून सर्रास विकले जातात. त्यात एखादे बाजारात कधीच न आलेले प्रायोगिक यंत्र असले, तर त्याचा पुरावाच पुसला जातो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या व्होल्टा प्रयोगशाळेने काच, मेण, धातू अशा पृष्ठभागांवर ध्वनी कोरून पाहिला आणि १८८१ मध्ये आपले एक यंत्र मोहोरबंद पेटीत अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे ठेवले. तिथेच जपलेल्या त्यांच्या काही तबकड्या २०११ मध्ये सुई न टेकवता, प्रकाशीय चित्रणावरून ऐकता आल्या. (आपल्याकडे ती पेटी रद्दीबरोबर गेली असती.) क्रमांकाची पट्टी नसलेला, कानशीचे ओरखडे आणि बुजवलेली भोके असलेला, म्हणजे प्रायोगिक असू शकणारा ग्रामोफोनचा सांगाडा हाती लागल्यास विक्रेत्यांनी तो आधी जाणकारास दाखवावा, ही विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे