मृग लागायच्या आधी : गावाच्या शोध व बचाव पथकासाठी आवाहन

गावकरी मंडळींना आणि कामधंद्यासाठी नागपूर, अमरावती, पुण्याकडे गेलेल्या आपल्या सगळ्या लेकरांना नमस्कार.

मागच्या रविवारी सकाळी पांदणीनं नदीवर गेलो होतो. आंबिया बहाराच्या बगीच्यांत मोटारी सुरू होत्या, आणि मृग बहारासाठी पाणी तोडून ताणावर सोडलेली संत्र्याची झाडं पानं मिटून उभी होती. वर्धा तर आता घोट्याएवढी. बैलबंडी सहज पार जाईल. वळणावर, बेशरमाच्या झुडपाखाली रेतीत काहीतरी चमकलं. उकरलं तर स्टीलचा गडवा निघाला. धुऊन घेतला, आणि हात आपसूक तो उलटा करून नाव शोधू लागले. ही सवय मला 1991 साली लागली.

30 जुलै 1991, मंगळवार. वर्धा मुलताईकडून, सातपुड्यातून येते. वर पाऊस कोसळला की इथं आभाळ कोरडं असतानाही ती फुगते, आणि त्या दिवशी तर सगळीकडेच झड लागली होती. मोवाड पाण्याखाली गेलं. 204 माणसं गेली. पुढं ते गाव नव्या जागेवर वसवलं गेलं. अजूनही दरवर्षी 30 जुलैला तिथं श्रद्धांजली वाहतात. आपण नदीच्या खालच्या अंगाला. जे वाहून गेलं ते आपल्या काठानं गेलं.

मी तेव्हा 19 वर्षांचा. पूर ओसरू लागला तशी गावातली आम्ही पोरं बांबू, दोर आणि ट्रॅक्टरच्या ट्यूब घेऊन काठानं निघालो. एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, हे नावसुद्धा तेव्हा नव्हतं, ते दल 2006 साली उभं राहिलं. आमचे पुढारी होते गावातले एक म्हातारे ढिवर काका, नदीवर मासे धरणाऱ्या समाजातले. जे शिकलो ते त्यांच्याकडून. माणूस आधी तळाला जातो, दोन-तीन दिवसांनी वर येतो. पाणी जिथं मंद होतं, वळणाच्या आतल्या बाजूला, बाभळीच्या मुळ्यांत, बेशरमाच्या जाळीत, तिथं बघायचं. कावळे कुठं उतरतात, कुत्री कुठं घुटमळतात यावर लक्ष ठेवायचं. कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही आणि दिवस बुडाला की सगळ्यांनी बाहेर यायचं, मग कुणी कितीही रडो.

मी कॉलेजात शिकत होतो म्हणून वही माझ्याकडे आली. गाळात अडकलेली भांडी काढायची, धुवायची, त्यावर कोरलेलं नाव आणि सापडल्याची जागा लिहायची. लग्नात, बारशात दिलेल्या भांड्यांवर आपल्याकडे नावं असतातच. भांडं जिथं थांबलं तिथं त्या घरचं आणखी कुणी थांबलं असेल, असं काका म्हणायचे. चौथ्या दिवशी वरच्या गावाहून एक जण आला. वहीच्या एकेका ओळीवर बोट ठेवत तो वाचत गेला आणि एका ओळीवर थांबला. पितळी गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं होतं ते, त्याच्या बहिणीच्या लग्नातलं. तो गुंड मांडीवर घेऊन बसला आणि एवढंच विचारलं, "कोणत्या वळणावर?" त्या वळणावर आम्ही दोनदा गेलो. बांबूनं सगळी जाळी पालथी घातली. काही मिळालं नाही. तो माणूस गुंड घेऊन परत गेला. त्याच्या घरी मग तेरवी कोणत्या दिवसापासून मोजली असेल, हे मी अजूनही मनाशी विचारतो.

ज्याचा पत्ता लागत नाही त्याच्या घरचं सगळंच अडून बसतं. कायद्यानं बेपत्ता माणूस मृत मानायला एरवी सात वर्षं लागतात. बायकोचं कुंकू, सातबाऱ्यावरचं नाव, सगळं टांगलेलं राहतं. म्हणून शोधणाऱ्यांचं काम मला वाचवणाऱ्यांच्या कामाइतकंच मोठं वाटतं.

आणि हे सगळं जुन्या काळाचंही नाही. 14 सप्टेंबर 2021 ला याच नदीवर, वरूड तालुक्यात झुंजला नाव उलटली आणि 11 जण गेले. मोठे पूर कधीतरी येतात. पण रेती उपशामुळं पात्रात माणूसभर खड्डे झालेत; वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला तळ नसतो. रविवारी परत येताना मी पाहिलं, चार पोरं अशाच एका डोहात उड्या मारत होती. काठावर दोर नव्हता, ट्यूब नव्हती, कुणी मोठं माणूस नव्हतं. मी त्यांना बाहेर काढलं आणि त्याच दुपारी ग्रामपंचायतीत हा विषय मांडला.

जिल्ह्याचं पथक कितीही लवकर निघालं तरी पोचायला वेळ लागतो. बुडणाऱ्याकडे मिनिटंच असतात. ती मिनिटं गावाची. म्हणून ग्रामपंचायत आणि युवक मंडळानं मिळून 12 जणांचं पथक उभं केलं आहे, त्यात चार मुली आहेत. उत्साह भरपूर आहे, सामान काहीच नाही. 12 लाईफ जॅकेट, तरंगणारे दोर, फेकायच्या चार रिंगा, डोक्याला बांधायचे टॉर्च, गमबूट, जाड हातमोजे आणि जमलं तर एक रबरी बोट, एवढं हवं आहे. दुकानदारांची दरपत्रकं कार्यालयाच्या फलकावर लावली आहेत. कुणीही येऊन वाचावीत. बोटीपुरते पैसे नाही जमले तरी चालेल, पण जॅकेट आणि दोर मृगाच्या आधी हातात पाहिजेतच.

वर्गणी ग्रामपंचायत कार्यालयात द्या आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. बाहेरगावच्यांनी कार्यालयात लावलेला क्यूआर कोड घरच्यांकडून मागवून घ्यावा. पथकाच्या नावानं कुणी स्वतःच्या नंबरवर पैसे मागितले तर देऊ नका. पैसे नसतील तर जुनी पण न फुटलेली ट्रॅक्टरची ट्यूब द्या. ढिवर समाजातल्या जाणत्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत, ही माझी हात जोडून विनंती. डोह आणि भोवरे तुम्ही ओळखता, आम्ही नाही. एखादी नर्सताई गावात असेल तर तिनंही यावं. बुडालेल्याला उलटं टांगून पोट दाबण्यात आपण मोलाचा वेळ घालवतो. आधी श्वास द्यायचा असतो, आणि ते हातानं करून शिकावं लागतं.

सराव दर रविवारी सकाळी सात वाजता घाटावर. पोरांना पाठवताना कपड्यांचा एक जोड सोबत द्या.

तो गडवा कार्यालयातल्या कपाटावर ठेवला आहे. बुडाला नाव नाही, पण काठाला एक पोचा आहे. कुणाचा असेल तर ओळखून घेऊन जा.

शोध व बचाव पथकाच्या वतीने,
पथकप्रमुख