चढावरची गोळी वरच लागते

संपादक महोदय,

मी राहतो त्या न्यूझीलंडमधल्या ताहरच्या शिकारीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. ताहर हा रानबकऱ्यासारखा प्राणी, मूळचा हिमालयातला. 1904 साली तो इंग्लंडहून आणून माउंट कूकच्या परिसरात सोडला गेला. पुढे तो इथल्या डोंगरी गवताची नासाडी करू लागला, म्हणून संख्या 10 हजारांच्या आत राखण्याचे धोरण 1993 मध्ये ठरले. हा इतिहास लेखात छान आला आहे. आपल्याकडे भारतात ज्याला कायद्याचे कडक संरक्षण, तो इथे परवाना काढून हवे तितके मारा म्हणतात, हीही गंमतच.

मात्र सावज उंचावर असेल तर गोळीला चढ चढावा लागतो, म्हणून नेम थोडा वर धरावा, हा त्यातला सल्ला साफ उलटा आहे. मी या डोंगरांत शिकारीला जातो. नवखे लोक हेच ऐकून येतात आणि गोळी पाठीवरून घालवतात.

गुरुत्वाकर्षण गोळीला सरळ खाली ओढते. गोळी आडवी जात असेल तर ती सगळी ओढ तिचा मार्ग वाकवते, तिरकी जात असेल तर काही भागच. अगदी उभी वर मारली तर मार्ग वाकणारच नाही. म्हणजे चढ जितका तीव्र, तितकी गोळी नेमाच्या रेषेपासून कमी खाली येते. उतारावर मारतानाही हेच. नेम धरायचा तो आडव्या अंतराचा. 45 अंशांच्या चढावर 300 मीटरवर ताहर असेल तर हिशेब सुमारे 212 मीटरचा. 200 मीटरला झीरो केलेली, म्हणजे तेवढ्या अंतरावर गोळी अचूक नेमावर लागेल अशी जुळवलेली .308 कॅलिबरची रायफल सपाटीवर 300 मीटरला साधारण 20 सेंटिमीटर खाली मारते. तेवढे वर धरून या चढावर घोडा दाबलात, तर गोळी तितकीच वर जाणार. हल्लीचे बरेच रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजणारी यंत्रे, कोन धरून अंतर दाखवतात. जुनी दाखवत नाहीत.

खरे सांगायचे तर या गणिताचा बाऊ फार होतो. डोळ्यांना 45 अंशांचा वाटणारा चढ मोजला तर बहुधा तिशीच्या आसपास भरतो, आणि 200 मीटरच्या आत फरक फार तर चार-पाच सेंटिमीटरचा. त्याहून महत्त्वाचे ते लेखात आलेच नाही: गोळी शरीरात शिरल्यावर कुठून कुठे जाते? छाती 25 सेंटिमीटर रुंद धरा. 40 अंशांनी खालून आलेली गोळी ती पार करेपर्यंत सुमारे 21 सेंटिमीटर वर चढते. आपल्याकडे बाजू करून उभ्या ताहरच्या छातीच्या मध्यावर नेम धरलात तर हृदय खालीच राहते आणि गोळी फुप्फुसाचा वरचा भाग फाडून कण्याजवळून बाहेर पडते. जखमी जनावर कड्यात शिरते, तिथे माणसाला जाता येत नाही. म्हणून पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरायचा आणि गोळी पलीकडून कुठे निघेल ते आधी डोळ्यांसमोर आणायचे. सावज खाली दरीत असेल तर उलट, जरा वर.

उभ्या चढावर पालथे पडून मारताना दस्ता खांद्यावरून खाली सरकतो, डोके मागे झुकते आणि धक्क्यासरशी स्कोपची, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीची, कड भुवईत बसते. इथल्या जुन्या शिकाऱ्यांच्या कपाळावर ती अर्धचंद्राची खूण असते. पाठपिशवीवर रायफल टेकवून अंग तिच्या मागे नीट घेता येत नसेल, तर गोळी मारूच नये.

आणि लेखासोबतचे ते चित्र! कड्याच्या माथ्यावर ताहर, मागे मोकळे आकाश. असा नेम कोणीही धरू नये. चुकलेली गोळी किलोमीटरच्या किलोमीटर जाते, आणि धारेपलीकडे दुसरा शिकारी किंवा गिर्यारोहक असू शकतो. गोळी अडवायला मागे डोंगर नसेल तर जनावर खाली उतरेपर्यंत थांबायचे.

नेमाविषयीची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला एक वाचक,
ख्राइस्टचर्च, न्यूझीलंड