चित्राखालच्या एका ओळीने समूह बोलता केला, त्याबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या ऑनलाइन मार्केटिंग समूहात दर आठवड्याला एक गमतीचे चित्र ठेवून त्याला कॅप्शन मागण्याचा जो उपक्रम तुम्ही सुरू केलात आणि इतका काळ सांभाळलात, तो आता तुम्ही आमच्यापैकी काहींच्या हाती सोपवत आहात. ही जबाबदारी स्वीकारताना सर्वांत आधी तुमचे आभार मानावेत असे वाटले, आणि ते खासगी निरोपातून न मानता सर्वांसमोर मानावेत असेही वाटले. वरवर पाहणाऱ्याला हा घटकाभराच्या करमणुकीचा प्रकार वाटतो. त्यामागे तुम्ही किती विचार केला होता, हे तो जवळून पाहिलेल्यांनाच ठाऊक आहे.

ऑनलाइन समूहांत बहुतेक लोक केवळ वाचतात, हे आता नवे राहिलेले नाही. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार अशा ठिकाणी सुमारे ९० टक्के सदस्य नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळे लेखन उरलेला १ टक्का करतो. मार्केटिंगवाल्यांच्या समूहात तर या मौनाला आणखी एक कारण असते. येथे प्रत्येक जण आपापल्या व्यवसायाच्या नावाने वावरतो, वाचणाऱ्यांत आजचा किंवा उद्याचा क्लायंटही असू शकतो, आणि त्यामुळे प्रश्न विचारला तर अज्ञान दिसेल व उत्तर दिले तर कुणी जाणकार ते खोडून काढेल, अशी धास्ती मनात राहते. तुम्ही हे नेमके ओळखलेत. कॅप्शनला बरोबर उत्तर नसते, त्यामुळे चुकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कालच या क्षेत्रात आलेला शिकाऊ आणि मोठ्या मोहिमा चालवून केस पांढरे झालेला तज्ज्ञ हे दोघेही त्या चित्रासमोर सारख्याच तयारीने उभे राहतात. कोणतीही कृती घडायला इच्छा, आवाका आणि हाक या तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात, असे मानवी वर्तनाचे अभ्यासक बी. जे. फॉग यांनी २००९ मध्ये मांडले होते. आमच्या मनात इच्छा होतीच. तुम्ही काम आमच्या आवाक्यात आणलेत आणि मग न चुकता हाक मारत राहिलात.

सर्वांत अधिक ऋण वाटते ते तुमच्या चित्रनिवडीचे. मुळात विनोदी असलेले चित्र तुम्ही बहुधा बाजूला ठेवत असा, कारण ज्या चित्राने आपला विनोद आधीच सांगून टाकला आहे त्याला ओळ सुचवणाऱ्याच्या वाट्याला केवळ वर्णन उरते. तुम्ही शोधत होता ती अर्धवट राहिलेली चित्रे: ज्यात दोन न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी आल्या आहेत आणि त्या तशा का आल्या, याचा खुलासा मात्र कुठेच नाही. उंच छपरावर उभी असलेली शेळी आणि आसपास शिडीचा पत्ता नाही, हे असेच एक चित्र होते. त्याखाली एका सदस्याने लिहिले, ‘सर्चमध्ये पहिल्या पानावर आलो, आता इथून उतरायचं कसं?’ काडीसारख्या झाडामागे लपू पाहणाऱ्या हत्तीला दुसऱ्या सदस्याने केवळ दोन शब्द दिले, ‘अटी लागू.’ बैठकीच्या खोलीत खिडकीबाहेरून डोकावणाऱ्या कबुतराच्या तोंडी कुणी घातले, ‘लक्ष्यगटाला आत बोलावणार आहात का?’ या तिन्ही ओळी लिहिणारे सदस्य त्याआधी समूहात फारसे कधी बोलले नव्हते. तिन्हीही ओळींत चित्रात जे दिसते त्याचा उल्लेख नाही. चित्र आणि आपले रोजचे काम यांच्यामधले अंतर वाचणाऱ्याने स्वतः ओलांडायचे असते आणि हसू त्या ओलांडण्यात आहे.

विचारण्याची तुमची पद्धतही वेगळी होती. ‘या चित्राला कॅप्शन सुचवा’ एवढेच लिहिले की नेहमीचे दोनतीन जण पुढे येतात आणि बाकीचे कोऱ्या जागेकडे पाहत राहतात. त्याऐवजी तुम्ही ‘ही शेळी विक्री विभागाला निरोप पाठवते आहे, तो आठ शब्दांत लिहा’ किंवा ‘या हत्तीने पाठवलेल्या ईमेलचा विषय काय असेल?’ असे विचारत होता. मर्यादा घातली की सुचणे सोपे होते, हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने कळते; पण इतरांना विचारताना ते लक्षात ठेवणारे थोडे. नमुन्यादाखल स्वतःची ओळ तुम्ही कधी दिली नाहीत, कारण पहिली ओळ संचालकाची असली की पुढच्या साऱ्या ओळी तिच्याच वळणाने जातात, असे तुम्ही एकदा समजावून सांगितले होते. तो संयम मला फार मोलाचा वाटतो.

मात्र या उपक्रमाचा खरा कस लागला तो ऑफिसच्या खुर्चीत बसलेल्या सांगाड्याच्या चित्रावेळी, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. त्या आठवड्यात ओळींचा पाऊस पडला आणि त्यांतल्या बहुतेक एकाच दिशेच्या निघाल्या: ‘क्लायंट म्हणाले होते, उद्या कळवतो’, ‘अप्रूव्हल आलं का?’, ‘फाइलचं नाव: अंतिम, नक्की अंतिम, आता खरंच अंतिम.’ आम्ही हसलो आणि पुढे निघालो. तुम्ही मात्र थांबलात. इतक्या जणांना एकाच चित्रात एकच दुखणे दिसते आहे, तर ते दुखणे खरे आहे, हे तुम्ही टिपलेत आणि पुढच्या आठवड्यात त्याच विषयावर चर्चा ठेवलीत. काम सुरू करण्यापूर्वी मंजुरीची मुदत लेखी कशी ठरवावी, किती फेऱ्यांचे बदल मूळ रकमेत धरावेत, क्लायंटकडे निर्णय देणारी एकच व्यक्ती असावी असा आग्रह कसा धरावा, मुदतीत उत्तर न आल्यास काम पुढे न्यायचे की थांबवायचे, या सगळ्यांवर लोक मोकळेपणाने बोलले. हाच विषय सरळ प्रश्नावलीतून विचारला असता, तर आपले क्लायंट आपल्याला ताटकळत ठेवतात हे कबूल करायला फारसे कुणी पुढे आले नसते. सांगाड्याच्या आडून बोलता आल्यामुळे ते बोलले गेले. बाजाराचे ऐकणे हे आपल्या व्यवसायाचे मूळ काम आहे असे आपण सारेच म्हणतो. तुम्ही ते आमच्याच बाबतीत करून दाखवलेत.

प्रत्येक फेरीनंतर तुम्ही दोनचार ओळींचे जे विवेचन लिहीत असा, त्याने अनेकांचे लेखन सुधारले आहे. जाहिरात क्षेत्रातले नामवंत डेव्हिड ओगिल्व्ही सांगत असत की जाहिरातीच्या मुख्य मजकुरापेक्षा चित्राखालची ओळ अधिक लोक वाचतात, आणि म्हणून चित्र ओळीशिवाय छापू नये. त्यांचे हे म्हणणे आम्ही ऐकले होते, पण त्या एका ओळीत नेमके काय असावे हे शब्द इकडचे तिकडे करून दाखवणारे कुणी भेटले नव्हते. ‘आता इथून उतरायचं कसं?’ हा भाग आधी आणला तर शेळीच्या ओळीतली गंमत कशी विरते, ‘अटी लागू’ला तिसरा शब्द जोडला तर हत्ती कसा लपायचा राहतो, हे तुम्ही उलगडून दाखवलेत. कळीचा शब्द शेवटी ठेवणे, विशेषण गाळून पाहणे, वाचकाला ठाऊक असलेली गोष्ट त्याला पुन्हा न सांगणे, या सवयी त्यानंतर आमच्या हेडलाइनमध्ये आणि ईमेलच्या विषयओळींत आपोआप उतरल्या.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानले पाहिजेत, ती म्हणजे या उपक्रमाला तुम्ही रीच, म्हणजे पोस्ट पाहणाऱ्यांची संख्या, वाढवण्याचे यंत्र होऊ दिले नाहीत. ‘तीन मित्रांना टॅग करा’, ‘सहमत असाल तर लाइक करा’ अशा ओढून आणलेल्या प्रतिसादांना खाली ढकलणार असल्याचे फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केले होते, आणि ते योग्यच होते, कारण अशा पोस्टमध्ये माणसाकडून बोट हलवण्यापलीकडे काही मागितलेले नसते. कॅप्शनच्या निमित्ताने तुम्ही विचार मागितलात. ओळी लिहिणाऱ्यांची नावे कुणाच्या विक्रीच्या यादीत गेली नाहीत, बक्षिसाच्या आडून कुणाचा ईमेल पत्ता गोळा झाला नाही आणि चित्राच्या कोपऱ्यात कुणाचा लोगोही झळकला नाही. मार्केटिंग करणाऱ्यांच्या समूहात हा मोह आवरणे किती अवघड असते, हे आपण सर्व जाणतो.

विनोद म्हटला की कुणाच्या तरी अंगावर जाण्याची शक्यता येतेच. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरेन या अभ्यासकांनी २०१० मध्ये असे मांडले की एखादी गोष्ट नियम मोडणारी वाटावी आणि त्याच क्षणी निरुपद्रवीही वाटावी, तेव्हा हसू येते. यातला पहिला अर्धा भाग कुणालाही जमतो. दुसरा सांभाळायला कुणीतरी जागे राहावे लागते. अनोळखी माणसांचे चेहरे असलेली छायाचित्रे तुम्ही वापरली नाहीत, कुणाच्या शरीरावर, बोलण्याच्या ढंगावर किंवा श्रद्धेवर बेतलेली ओळ राहू दिली नाहीत, आणि अशी ओळ काढताना लिहिणाऱ्याला चारचौघांत न टोकता वेगळे गाठून समजावलेत. असे समजावलेले सदस्य समूह सोडून गेले नाहीत. ते आजही लिहितात.

चित्राबरोबर त्याचे शब्दवर्णन देण्याचा तुमचा परिपाठ सुरुवातीला अनेकांच्या ध्यानातही आला नव्हता. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने वाचणाऱ्या दृष्टिहीन सदस्यांना चित्रात काय आहे हे कळल्याशिवाय ओळ सुचणार कशी, एवढा साधा विचार त्यामागे होता. पण ते वर्णन लिहिणे साधे नव्हते. त्यात छप्पर, शेळी, उंची आणि शिडीचा अभाव हे सारे यायला हवे आणि तरीही विनोद सुचवला जाता कामा नये. पुढे डोळस सदस्यही आधी वर्णन वाचू लागले, कारण त्यात चित्रातले असे काही सापडत असे जे नजरेतून निसटलेले असे. परवान्यांच्या बाबतीतही तुम्ही तितक्याच काटेकोर होता. सर्वत्र फिरणारे मीम म्हणजे कुणाच्याही मालकीचे नसलेले चित्र, हा समज तुम्ही खोडून काढलात. आपले काम ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या प्रत्येक परवान्याच्या अटी पाहिल्यात, श्रेय द्यायचे तेथे दिलेत, आणि मूळ चित्रात फेरफार करून पुढे पाठवायला मनाई असेल तेथे चित्रावर अक्षरे न छापता ओळ खाली स्वतंत्र ठेवलीत. इतरांची चित्रे आणि मजकूर रोज हाताळणाऱ्या आपल्या व्यवसायाला ही शिस्त नितांत गरजेची आहे.

मतदानाबद्दल थोडक्यात लिहितो. आधी आलेल्या ओळीला आधी लाइक मिळतात आणि जिला लाइक मिळतात तीच वर दिसत राहते, म्हणून तुम्ही सर्व ओळी मुदतीनंतर नावे वगळून आणि क्रम बदलून मतांसाठी ठेवू लागलात. ‘द न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकात २००५ पासून नियमितपणे चालणाऱ्या कॅप्शन स्पर्धेतही संपादकांनी निवडलेल्या तीन ओळींमधून विजेती ओळ वाचकांच्या मतांनी ठरते. आपल्याकडे नावे झाकल्यामुळे परिचितांना मते देण्याची प्रथा थांबली आणि नवख्यांच्या ओळी पहिल्या येऊ लागल्या. मला तर यातच या उपक्रमाचा सर्वांत न्याय्य भाग दिसतो.

तुम्ही आमच्याकडे दिलेला चित्रसंग्रह, प्रत्येक चित्राच्या परवान्याची नोंद आणि वर्णनांचे कच्चे मसुदे आम्ही नीट लावून घेतले आहेत. पुढच्या आठवड्याचे चित्र ठरले आहे: ओल्या सिमेंटवरून निवांत चालत गेलेले बदक आणि त्याच्या मागे उमटलेली पावले. या बदकाने आपल्या वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालाचे शीर्षक आठ शब्दांत मागायचे आहे. इतकी वर्षे संचालक म्हणून तुम्ही स्वतःची एकही ओळ दिली नाहीत. आता ते बंधन उरलेले नाही, तेव्हा इतरांबरोबर तुमचीही ओळ मुदतीच्या आत यावी, अशी आम्हा सर्वांची आग्रहाची विनंती आहे. नाव अर्थातच झाकलेले राहील.

आपला कृतज्ञ,
समूहातील एक सदस्य