नोकरी बदललीये, घाबरू नका

आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर बाबा पहिल्या वाक्यालाच "बरं बरं, बघू" म्हणतात आणि आई लगेच जेवलीस का वर येते, म्हणून लिहून पाठवतेय. आईने चष्मा लावून वाचायचं, अंदाजाने नाही. तर, बँकेतली नोकरी सोडली मी. राजीनामा दिला, नोटीस पिरियड संपला आणि नवीन ठिकाणी रुजूही झाले. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात आणि मी ऐकलं असतं, म्हणून विचारलं नाही.

नवीन काम क्रेडिट काउन्सेलरचं. कर्ज डोक्यावरून गेलेल्या माणसासोबत बसायचं आणि त्याची घडी बसवून द्यायची. बाबा, कपाळाला आठ्या नकोत. आम्ही कुणाला पैसे देत नाही, कुणाला जामीन राहत नाही, कुणाच्या दारात वसुलीला जात नाही. आणि हे कुठलं नवीन खूळ असं म्हणाल तर अमेरिकेत अशा सल्ला देणाऱ्या संस्थांची राष्ट्रीय संघटना 1951 पासून आहे, म्हणजे तुमच्याही जन्माआधीपासून.

माणसं येतात ती बहुतेक वेळा पिशवी घेऊन येतात, पिशवीत न उघडलेली पत्रं आणि स्टेटमेंट. एकूण देणं किती विचारलं की जो आकडा सांगतात तो खऱ्यापेक्षा कमीच असतो. खोटं बोलत नाहीत हो, बेरीजच केलेली नसते, करायची भीती वाटते. म्हणून पहिलं काम एवढंच की एका कागदावर सगळं लिहायचं, कुणाचं, किती बाकी, व्याज किती टक्के, हप्ता कधी. मग घरात येतं किती आणि जातं किती. घरभाडं, वीज, औषधं आधी बाजूला काढायची, उरतं त्यातून हप्ते. जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडलं तर पैसे वाचतात हे गणित सरळ आहे, पण काहींना सगळ्यात छोटं कर्ज आधी संपवू द्यावं लागतं, एक खातं बंद झालेलं दिसलं की माणूस पुढचं नेटाने भरतो. मग कर्ज देणाऱ्यांशी बोलणं, व्याज थोडं कमी होतंय का, मुदत वाढतेय का. मुदत वाढली की हप्ता हलका होतो पण एकूण व्याज जास्त जातं, हेही तोंडावर सांगायचं, नाहीतर आम्ही आणि कर्ज विकणारे सारखेच.

क्रेडिट कार्डाचं तर विचारूच नका. महिन्याला 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं ना, व्याजावर व्याज धरलं की वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं, आणि काहीच भरलं नाही तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट. आणि ते 'किमान देय' म्हणून 5 टक्के भरत राहिलं तर त्यातले साधारण 3 व्याजातच जातात, नवीन काही घेतलं नाही तरी देणं नुसतं अर्ध्यावर यायला अडीच वर्षांच्या वर लागतात. लोकांना वाटतं आपण वेळेवर भरतोय, मग संपत का नाही. बँकेत मी हीच कर्जं विकत होते, टार्गेट लावून, आणि समोरच्याला झेपणार नाही हे दिसत असतानाही फॉर्म पुढे सरकवावा लागायचा. पगार छान होता, मान्य. झोप लागत नव्हती.

आता पगार कमी आहे, लपवत नाही. पण भागतंय, खरंच भागतंय. खोली तीच, मैत्रीण तीच, ऑफिस चालत जाण्यासारखं म्हणून प्रवासाचा खर्च गेला, संध्याकाळी उजेडात घरी येते, जेवण वेळेवर होतं. आई, पाठदुखी सुद्धा कमी झालीये. सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक बाजूला ठेवूनच राजीनामा दिला, दादाला आकडे दाखवलेत, त्यालाच विचारा.

आणि बाबा, एक लिहू का. त्या वर्षी फोन वाजला की तुम्ही उठून आतल्या खोलीत जायचात आणि आम्हाला सांगायचात ऑफिसचा आहे. मला कळायचं. रात्री आई माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर बेरजा करायची आणि मी जागी झाले की डोक्यावरून हात फिरवून म्हणायची झोप गं, उजळणी करतेय. मला कितीतरी दिवस खरंच वाटायचं आईची पण परीक्षा आहे. तुमचं काही चुकलं असं म्हणायचं नाहीये, काकांसाठी तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. फक्त तेव्हा समोर बसून शांतपणे कागद मांडणारं कुणीतरी तुम्हालाही मिळायला हवं होतं, एवढंच वाटतं. समोर नवरा-बायको बसलेले असतात आणि त्यातल्या एकाला दुसऱ्या कार्डाबद्दल त्या क्षणी पहिल्यांदा कळतं, तेव्हा मला काय करायचं ते सुचतं, ते बँकेच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं शिकवलेलं.

आता ऐका. बाबा, इथून पुढे जामीन म्हणून कुठेही सही नाही, कितीही जवळचा असला तरी नाही, त्याने नाही भरलं की तुम्हाला भरावं लागतं हे तुम्हाला मी काय सांगणार. "माझी मुलगी नको म्हणते" सांगा, मला वाईट ठरवा, चालेल. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. आधी फी भरा, कर्ज निम्मं करून देतो म्हणणाऱ्याचा फोन आला तर सरळ कट. माझ्यासाठी म्हणून एफडी मोडायची नाही, गुपचूप माझ्या खात्यात पैसे टाकायचे नाहीत, टाकलेत तर त्याच दिवशी परत पाठवीन. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज, आणि पैसे वाचवायला गोळ्या अर्ध्या करून घ्यायच्या नाहीत, दादाने सांगितलंय मला. रागावले नाहीये गं, पण परत असं करू नकोस.

बाबा चिडले असतील तर दोन दिवस चिडू देत. रविवारी फोन करीन, तेव्हा बाबांचं बीपी किती ते आईने सांगायचं, मशीनवर बघून. बाबांनी सांगितलेलं धरणार नाही.

तुमची,
छोटी