उंच उडीत शरीराची उंचीच सर्वस्व नव्हे

संपादक महोदय,

उंच उडीसाठी मुली निवडताना आपल्याकडे आधी उंची मोजतात. इटलीच्या अँतोनिएत्ता दि मार्तिनोची उंची जेमतेम १.६९ मीटर. तरी २००७ साली तिने आधी २.०२ आणि मग २.०३ मीटर पार करून सारा सिमेओनीचा १९७८ पासूनचा २.०१ मीटरचा राष्ट्रीय विक्रम मागे टाकला. सिमेओनीचा तो आकडा त्या काळी जागतिक विक्रम होता! २००७ मध्येच ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत दि मार्तिनोला रौप्य मिळाले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये इनडोअर २.०४. म्हणजे स्वतःच्या डोक्यावरून तब्बल ३५ सेंटीमीटर.

हे साधते धावेच्या वळणातून. शेवटची चार-पाच पावले कमानीत, शरीर आतल्या बाजूला कललेले. शेवटून दुसरे पाऊल थोडे लांब, त्यात कंबर किंचित खाली येते. शेवटचे आखूड आणि झटपट. त्यामुळे पुढचा वेग वर वळतो. उडी आडव्या दांडीपासून लांबच्या पायावर.

सर्वाधिक चूक वळणातच होते. घाईत कमान सरळ झाली की कल निघून जातो, खांदे आधीच दांडीकडे झुकतात आणि उडी वर जाण्याऐवजी आडवी जाते. मग पाठ किंवा नितंब दांडी पाडतात. प्रशिक्षक अशा वेळी ‘पाठीची कमान कर’ म्हणतात. खरी दुरुस्ती हवेत नाही, जमिनीवरच्या पावलांत आहे. धावेच्या खुणा प्रत्येक मुलीसाठी टेपने मोजून ठरवाव्यात.

— एक ॲथलेटिक्सप्रेमी वाचक, पुणे